दारातली गाडी, झेंड्याखालची पेटी

अमेरिकी युद्धपटांत घरच्यांचं दुःख सुरू होतं ते बातमी दारात येते तिथून. म्हणून बातमी पोचवण्याची सरकारी पद्धत बदलत गेली तसे हे प्रसंगही बदलले.

नोव्हेंबर १९४२ मध्ये एकाच युद्धनौकेवरचे पाच सख्खे भाऊ गेले. त्यांच्यावर १९४४ मध्ये आलेल्या चित्रपटात बातमी ऐकून बाप रेल्वेतल्या आपल्या कामावर जातो. मुलं ज्या टाकीवरून त्याला हात हलवायची, ती दिसताच सलाम करतो. युद्ध चालू असताना शोकाला एवढीच मुभा होती.

व्हिएतनाममधल्या १९६५ च्या मोठ्या लढाईनंतर अमेरिकेत मृत्यूच्या तारा टॅक्सीचालक घरोघर टाकत होते. एका अधिकाऱ्याच्या पत्नीने आवाज उठवल्यावर गणवेशातली माणसं जाऊ लागली. आज त्याचे नियम कडक आहेत: येणाऱ्याचा हुद्दा मृताएवढा किंवा वरचा, वाक्य ठरलेलं, ‘गेला’ किंवा ‘हरवला’ असं आडवळण नाही. घडी घातलेला झेंडा दारात देत नाहीत, तो अंत्यविधीला देतात. पटकथा नेमकी इथे चुकू शकते. १९९८ च्या एका चित्रपटात तर वाक्यच नाही. भांडी घासणाऱ्या आईला खिडकीतून धुरळा उडवत येणारी गाडी दिसते, अधिकाऱ्यामागून धर्मगुरू उतरतो आणि ती ओसरीवर बसकण मारते.

खरा वाद पेटीचा. डिसेंबर १९८९ मध्ये पनामात पडलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पेट्या डोव्हर तळावर, म्हणजे परदेशात पडलेल्यांचे देह जिथे आणतात त्या अमेरिकेतल्या हवाई तळावर, उतरत होत्या आणि वाहिन्यांनी त्याच वेळी पडद्याच्या दुसऱ्या भागात राष्ट्राध्यक्ष पत्रकारांशी हसत बोलताना दाखवले. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या वेळी तिथल्या छायाचित्रणावर बंदी आली. कारण दिलं गेलं कुटुंबांच्या खासगीपणाचं. पण त्याच कुटुंबांना कुणी विचारलं नव्हतं. १८ वर्षं त्यांच्या नावाने तो पडदा ओढलेला राहिला.

शब्दही गुंत्याचे आहेत. पडद्यावर सरसकट ‘शवपेटी’ म्हणतात, ती प्रत्यक्षात वाहतुकीसाठीची ॲल्युमिनियमची पेटी असते. आत देहाभोवती बर्फ, वर झेंडा. ती विमानातून उतरवण्याच्या विधीला लष्कर ‘समारंभ’ म्हणू देत नाही. समारंभ म्हटला की घरच्यांवर हजर राहण्याचं ओझं येतं, हा त्यामागचा युक्तिवाद. तो पटण्यासारखा आहे.

फेब्रुवारी २००९ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या एका चित्रपटाने हा सगळा प्रवास दाखवला: पेटीतला बर्फ, मृताच्या वस्तू धुणारे हात, सोबत निघालेला अधिकारी आणि शेवटी त्या वस्तू घेणारे आईवडील. त्याच महिन्यात बंदी उठवण्याचा निर्णय जाहीर झाला. तेव्हापासून परवानगी कुटुंबाची लागते आणि त्यांचा डोव्हरपर्यंतचा प्रवासखर्च सरकार देतं. घरच्यांनी नको म्हटलं, की धावपट्टीवर छायाचित्रकार नसतो.