पंपाविना फिरणारा अमोनिया : इजेक्टरची पार्श्वभूमी

रावेर-यावलची केळी शीतगृहात १३-१४ अंशांच्या आसपास ठेवावी लागतात. फार खाली गेलं तर साल काळवंडते. बाहेर मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला. गारवा देणाऱ्या वायूवर कॉम्प्रेसरनं वीज खाऊन चढवलेला दाब एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे दाब उतरवणाऱ्या अरुंद झडपेत, नुसता वाया जातो. तोच दाब कामाला लावायची युक्ती म्हणजे इजेक्टर.

युक्ती जुनी आहे. १८५८ मध्ये फ्रान्सच्या आन्री झिफार यांनी वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचं पेटंट घेतलं. भुसावळला कोळशाची इंजिनं होती तोवर ते यंत्र फायरमनच्या रोजच्या हाताखालचं होतं. पुढे १९१० च्या सुमारास मॉरिस लब्लाँ यांनी वाफेच्या झोतानं गारवाही काढून दाखवला. व्हॉल्व्हच्या जागी इजेक्टर बसवायचं पेटंट मात्र १९३१ चं, नॉर्मन गे यांचं.

अमोनियावर गारवा करणाऱ्या मोठ्या प्लांटमध्ये कॉइलला (खोली गार करणाऱ्या नळ्यांना) उकळून जाईल त्याच्या कितीतरी पट लिक्विड अमोनिया पाजतात, म्हणजे कॉइल आतून ओली राहते. हे काम सहसा पंप करतो. पंप म्हटला की सील आली, गळती आली, लिक्विडमध्ये गॅस शिरला की खडखडाट आला. इजेक्टरमध्ये फिरणारा भागच नाही. कंडेन्सरकडचं (वायू निववून त्याचं लिक्विड करणाऱ्या भागाकडचं) जास्त दाबाचं लिक्विड बारीक नोझलमधून सुसाट सुटतं, कमी दाबाच्या टाकीतलं लिक्विड सोबत ओढतं, आणि पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीत वेग उतरून दाब चढतो.

मग सगळीकडे तो का नाही? कारण साधं इजेक्टर एकाच मापाचं. जानेवारीत रात्री खानदेशात हुडहुडी भरते, कंडेन्सरचा दाब उतरतो आणि झोताचा दमच जातो. पंपाला थंडीशी देणंघेणं नसतं. ऑपरेटर पंपालाच धरून राहिले, यात त्यांचं चुकलं असं मला तरी वाटत नाही.

चित्र पालटलं ते कार्बन डायऑक्साइडमुळे. १९९० च्या आसपास नॉर्वेच्या गुस्ताव लोरेंटझेन यांनी गारव्यासाठी पूर्वी वापरला जाणारा हा जुना वायू पुन्हा चर्चेत आणला. २००३ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीनं इजेक्टर बाजारात उतरवला. मग वेगवेगळ्या मापांचे इजेक्टर शेजारी-शेजारी बसवून गरजेनुसार उघडायची पद्धत आली आणि एकाच मापाची अडचण बरीचशी सुटली.

हा वायू ३१ अंशांवर गेला की कितीही दाबा, त्याचं लिक्विड होत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये सकाळीच ३१ ओलांडतात. अशा वेळी व्हॉल्व्हमधली नासाडी कितीतरी वाढते, त्यामुळे इथं कार्बन डायऑक्साइडचा प्लांट टाकायचाच असेल तर त्याच्या खर्चात इजेक्टर पहिल्यापासून धरलेला बरा.