मामांचे रातकिडे

भाद्रपदात अमळनेरजवळच्या मामांच्या शेतात रात्री मोटर चालू करायला गेलं की रातकिडे कान किटवतात. परवा बांधावर बसल्या बसल्या मामांनी विचारलं, "यंदा रातकिडे नाहीत का रे?" किर्र तर चालूच होती. सुरत-भुसावळ लाईनवरची मालगाडी मात्र त्यांना माझ्याआधी ऐकू आली.

तंबाखूमुळे मामांना तोंडाचा कॅन्सर झाला. गेल्या वर्षी शेक (रेडिएशन) आणि केमो दोन्ही घेतले. सलाईनमधून जायचं ते औषध होतं सिस्प्लॅटिन, म्हणजे प्लॅटिनम धातूचं संयुग. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं, ते नुसते लांबच लांब वाढत गेले. करामत विजेची नव्हतीच, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रवात उतरलेल्या संयुगांची होती. मग हेच गाठीवर का वापरू नये, असा विचार पुढे आला आणि १९७८ मध्ये तिथे औषधाला मंजुरी मिळाली. कित्येकांचे जीव त्याने वाचवले आहेत, मामांचाही.

पण कान? ते हेच औषध बिघडवू शकतं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी रांगेने बसलेल्या असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच आवाज टिपतात, पार आतल्या टोकाच्या खर्जातले. सिस्प्लॅटिनचा मार बहुतेक वेळा तोंडाकडून सुरू होतो. म्हणून रातकिडा जातो, मालगाडी राहते. मेलेली केसपेशी माणसात परत उगवत नाही. कोंबडीच्या कानात उगवते! शिवाय बाकी शरीरातून बरंचसं निघून गेलेलं हे औषध आतल्या कानात महिने, वर्षं साचून राहतं, हे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं.

घरच्यांना वाटतं, यांना ऐकायचंच नसतं. पण स, श हे आवाज उंच पट्टीतले, स्वर खालच्या. त्यामुळे आवाज येतो, शब्द लागत नाही. अहिराणीत तर पावलोपावली 'शे', म्हणजे 'आहे'. "कसा शेस?" मधले स आणि श गळाले की हाती उरतात क, आ आणि ए, बाकी सगळा अंदाज. वर भर दुपारी कानात आपोआप किर्र चालू राहते, ती वेगळीच.

डोस जितका साचत जाईल तितका धोका वाढतो, म्हणून पहिल्या सलाईनच्या आधी कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओग्राम, करून ठेवायचा असतो आणि मधूनमधून पुन्हा. मामांचा कोणी केला नाही, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. कानात शिटी वाजू लागली तर डॉक्टरांना लगेच सांगावं. औषध बदलायचं की डोस, ते त्यांनी ठरवायचं, आपल्या मनाने केमो सोडायची नाही. लहान मुलांत न पसरलेल्या गाठींसाठी सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट देतात. एका चाचणीत त्यामुळे कान बिघडलेल्या मुलांचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ वर आलं. २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

मामांनी आता कानाचं मशीन लावलं आहे. मामी समोर बसून सावकाश बोलते, ते बहुतेक कळतं. रातकिड्यांचं विचारलं तर म्हणतात, "कोणते, बाहेरचे का आतले?"