८ डिसेंबरचा सण येशूच्या गर्भधारणेचा नाहीये!

दरवर्षी आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या साधारण चार आठवड्यांत, हे कुणी ना कुणी बोलतंच, की ८ डिसेंबरला निष्कलंक गर्भसंभवाचा सण म्हणजे त्या दिवशी येशू त्याच्या आईच्या, मरियेच्या उदरात आला. आपलेच कॅथलिक लोक असं सांगतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण जरा कॅलेंडर बघा ना, ८ डिसेंबर ते २५ डिसेंबर, १७ दिवसांत बाळ जन्मतं का?

हा सण मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेचा आहे. म्हणजे ती तिच्या आईच्या, संत अ‍ॅनाच्या पोटात आली त्या पहिल्या क्षणापासूनच देवाने तिला आदिपापापासून (प्रत्येक माणूस जन्मतःच सोबत घेऊन येतो ते पाप) मुक्त ठेवलं, ही ती श्रद्धा. पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये ८ डिसेंबरलाच हा धर्मसिद्धांत जाहीर केला, सण मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. आणि बरोबर ९ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, मरियेचा जन्मदिवस येतो.

येशूच्या गर्भधारणेचा सण २५ मार्चला, तिथून ९ महिने मोजले की नाताळ. तो पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) आला तर पुढे ढकलतात, २०२४ ला ८ एप्रिलला झाला होता.

गोंधळ होतो त्याचं कारण मला वाटतं मिस्सातच (चर्चमधल्या उपासनेतच) आहे, ८ डिसेंबरला शुभवर्तमान (बायबलमधली येशूची जीवनकथा) वाचतात ते लूकचं, गाब्रिएल देवदूत मरियेला येशूच्या जन्माचा निरोप देतो तेच, मग ऐकणाऱ्याला वाटणारच की सण त्याचाच आहे. पण ते वाचन 'कृपापूर्ण' या एका शब्दासाठी आहे, देवदूत मरियेला त्याच नावाने हाक मारतो, म्हणजे ती देवाच्या कृपेने इतकी भरलेली की पापाला जागाच नाही.