‘मी’ची हद्द मेंदू कशी आखतो

‘शास्त्रज्ञांना मेंदूत देवाची जागा सापडली’ अशा मथळ्याचा संदेश दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. खाली ठरलेल्या दोन प्रतिक्रिया असतात. एक म्हणते, आमच्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं. दुसरी म्हणते, बघा, सगळा मेंदूचा खेळ, बाकी थोतांड. या भांडणात मूळ प्रश्न बाजूलाच राहतो, आणि मला तर तो या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. अवघ्या जगाशी एकरूप झाल्याचा अनुभव काही माणसांना येतो, यात शंका नाही. पण एरवी, दिवसभर, ‘मी इथे संपलो आणि जग इथून सुरू झालं’ असं आपल्याला जे वाटत असतं, ते कशाच्या जोरावर?

फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी १९२७ मध्ये मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडला लिहिलेल्या पत्रात या एकरूपतेला सागरासारखी भावना म्हटलं होतं. फ्रॉइडचं उत्तर असं, की मला स्वतःमध्ये अशी भावना सापडत नाही. तान्ह्या बाळाला आपण आणि बाहेरचं जग वेगळे असल्याचं कळत नसतं, त्याच अवस्थेचा हा अवशेष असावा. बाळाबद्दलचा हा तर्क जसाच्या तसा मान्य करणं आज कठीण आहे. मात्र हद्द आयती मिळत नाही, ती आखावी लागते, हे फ्रॉइडने बरोबर हेरलं होतं.

ती आखली जाते कशी, याचा एक धागा १९९८ साली मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांच्या प्रयोगातून हाती आला. माणसाचा डावा हात पडद्याआड ठेवायचा, समोर टेबलावर रबरी हात ठेवायचा. मग दोन ब्रश घेऊन खऱ्या हातावर आणि रबरी हातावर एकाच वेळी, एकाच जागी, एकाच दिशेने फिरवायचे. थोड्या वेळात माणूस सांगतो, की स्पर्श मला त्या रबरी हातावर जाणवतोय, तो माझाच हात आहे असं वाटतंय. डोळे मिटून ‘तुमचा डावा हात कुठे आहे ते दाखवा’ म्हटलं, तर बोट रबरी हाताच्या बाजूला सरकलेलं असतं. घरी हातमोज्यात कापूस भरून आणि मध्ये पुठ्ठा उभा करून हे जमतं. मी भाच्यावर करून पाहिलं. ब्रश चालू असताना मोज्यावर पट्टी उगारली आणि त्याने पुठ्ठ्यामागचा स्वतःचा हात झटकन ओढून घेतला. मोज्यात कापूस आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, त्यानेच तो भरला होता.

कळणं आणि वाटणं इथे सरळ वेगळे पडतात. मेंदूला ‘हा माझा हात’ असा शिक्का कुठे मारलेला सापडत नाही. दिसणं, स्पर्श आणि सांध्या-स्नायूंकडून येणारी स्थितीची खबर यांचा मेळ जिथे बसतो, तिथे तो ‘माझं’ म्हणतो. दोन्ही ब्रश एकाच वेळी न फिरवता एक आधी, एक नंतर असे फिरवले, की मेळ तुटतो आणि भास ओसरतो.

दुसरा धागा मला याहून प्रिय आहे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ पापणीवरून बोटाने अगदी हलके दाबून पाहा. समोरचं दृश्य हलतं. तेच डोळे स्वतःहून डावीकडून उजवीकडे फिरवा. नेत्रपटलावरची प्रतिमा आता कितीतरी जास्त सरकते, पण जग जागेवर राहतं. कारण डोळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतानाच त्या हुकमाची एक प्रत मेंदू स्वतःजवळ ठेवतो. एरिख फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट या जर्मन संशोधकांनी १९५० मध्ये ही कल्पना नेमकेपणाने मांडली. हुकमाच्या प्रतीवरून मेंदू अंदाज बांधतो, की आता अमुक इतका बदल जाणवायला हवा. प्रत्यक्ष बदल तेवढाच निघाला तर तो वजा होतो, म्हणजे ‘हे मीच केलं’. काही शिल्लक उरलं तर ते बाहेरून आलं. बोटाने दाबलं तेव्हा डोळ्याच्या स्नायूंना हुकूमच गेला नव्हता, त्यामुळे वजा करायला काही नव्हतं.

स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत त्या याच वजाबाकीमुळे. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी माणसांना एका यंत्राद्वारे स्वतःच्याच तळहाताला गुदगुल्या करायला लावल्या आणि हाताची हालचाल व स्पर्श यांच्यात सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाइतका उशीर घातला. उशीर वाढला तशा गुदगुल्या वाढल्या. स्पर्श स्वतःचाच होता, फक्त अंदाजाच्या वेळेवर आला नाही, म्हणून परका वाटू लागला. आपण चालतो, बोलतो, कूस बदलतो, तेव्हा हा हिशेब अखंड चालू असतो, आणि ‘मी’ आणि ‘बाकीचं’ यांची वाटणी त्यातून क्षणोक्षणी नव्याने होत असते.

ही हद्द कातडीवरच थांबते असंही नाही. जपानमध्ये अत्सुशी इरिकी यांच्या गटाने १९९६ मध्ये माकडांना दाताळ्याने लांबचं खाणं ओढून घ्यायला शिकवलं. मेंदूच्या पॅरायटल भागात, म्हणजे डोक्याच्या वरच्या मागच्या बाजूला, अशा पेशी असतात ज्या हाताला स्पर्श झाला तरी पेटतात आणि हाताजवळ काही दिसलं तरी पेटतात. दाताळं वापरल्यावर त्याच पेशी दाताळ्याच्या टोकाजवळ काही दिसलं तरी पेटू लागल्या. ते काही काळ माकडाच्या हाताचाच भाग झालं होतं.

आता ध्यानाला बसलेल्या माणसाचा विचार करा. डोळे मिटलेले, शरीर निश्चल. हालचाल नाही, म्हणजे हुकूम नाहीत, म्हणजे त्यांच्या प्रतीही नाहीत. त्वचेतल्या अनेक स्पर्शग्राही पेशी बदल झाला तरच संदेश पाठवतात, त्यामुळे त्याही गप्प होतात. बोटं एकमेकांत गुंफून बराच वेळ हात न हलवता बसलं, की कुठलं बोट कोणत्या हाताचं हे कळेनासं होतं, हे कुणालाही अनुभवता येईल. मेंदूतला शरीराचा नकाशा ताज्या माहितीवाचून पुसट होत जातो, आणि नकाशाची कड पुसट झाली की आत-बाहेरचा भेदही पुसट होतो, असा यामागचा तर्क आहे.

तो अजून सिद्धान्त झालेला नाही, पण पुरावा त्याच दिशेचा आहे. अँड्र्यू न्यूबर्ग यांनी २००१ मध्ये आठ अनुभवी तिबेटी बौद्ध साधकांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. समोरच्या भागाची सक्रियता जितकी वाढली, तितकी शरीराचा हा नकाशा सांभाळण्यात वाटा असलेल्या पॅरायटल भागाची उतरलेली दिसली. आठच माणसं, त्यामुळे यावरून फार मोठा दावा करू नये. इटलीत कोसिमो उर्जेसी आणि सहकाऱ्यांनी ८८ रुग्णांना मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर एक प्रश्नावली दिली. ज्यांची गाठ पॅरायटल भागाच्या मागच्या बाजूची होती, त्यांच्यात स्वतःपलीकडे जाऊन सगळ्याशी जोडलेलं वाटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर वाढलं होतं.

चुंबकीय हेल्मेटची मात्र गंमत नाही, फसगत आहे. कॅनडाचे मायकेल पर्सिंजर यांचा दावा होता, की डोक्याभोवती क्षीण चुंबकीय क्षेत्र फिरवलं की कुणीतरी अदृश्य जवळ असल्याचं जाणवतं. स्वीडनमध्ये पेर ग्रांक्विस्ट यांच्या गटाने हेल्मेट चालू आहे की बंद, हे माणसालाही कळू न देता आणि प्रयोग करणाऱ्यालाही कळू न देता तपासलं. चुंबकाचा काही परिणाम दिसला नाही. अनुभव येणं अवलंबून होतं ते माणूस सूचनांना किती सहज बळी पडतो यावर. तरीही ते यंत्र संदेशांतून फिरतंच आहे, आणि ‘क्वांटम ध्यान’ नावाची महागडी शिबिरं भरतातच आहेत.

हद्द सैल होणं दर वेळी आनंदाचं नसतं, हे त्या शिबिरांत सांगत नाहीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २००६ मध्ये ३६ स्वयंसेवकांना देखरेखीखाली सायलोसायबिन हे विशिष्ट बुरशीत आढळणारं, अशीच एकरूपता जाणवून देऊ शकणारं द्रव्य दिलं गेलं. दोन महिन्यांनी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत धरला. पण त्याच गटातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना त्या वेळी तीव्र भीतीने घेरलं होतं. भारतात या द्रव्यावर बंदी आहे. स्किझोफ्रेनिया या मनोविकारात तर हा वजाबाकीचा हिशेबच चुकत असावा, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं: स्वतःची हालचाल दुसऱ्याने घडवलेली वाटते, स्वतःचा विचार कुणीतरी डोक्यात घातलेला वाटतो. आपल्याकडे अशा मुलाला अजूनही ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून मांत्रिकाकडे नेतात, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जाईपर्यंत मौल्यवान महिने वाया जातात. घरात कुणाच्या बाबतीत हे होत असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

इस्रायलमध्ये यायर दोर-झिदरमन, अवीवा बेर्कोविच-ओहाना आणि सहकाऱ्यांनी सुमारे २०,००० तास ध्यान केलेल्या एका साधकाचा बारकाईने अभ्यास केला. त्याला सांगितलं, की स्वतःची सीमा आधी नेहमीसारखी ठेव, मग विरघळू दे, मग नाहीशी होऊ दे. तो हे सांगितल्याबरोबर करू शकत होता आणि परतही येत होता. शेवटच्या अवस्थेत ‘आत’ आणि ‘बाहेर’ या दिशाच उरत नाहीत, असं त्याने सांगितलं. या प्रयोगांत मेंदूतल्या बीटा लहरी, म्हणजे ठरावीक लयीच्या विद्युतलहरी, ज्या ठिकाणी क्षीण झालेल्या आढळल्या, त्यांत कानाच्या वरच्या-मागच्या बाजूचा, टेम्पोरल आणि पॅरायटल भाग जिथे मिळतात तो सांधाही होता. २००२ मध्ये ओलाफ ब्लांके यांनी जिनिव्हात अपस्माराच्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूत उजवीकडे याच परिसरात विजेचा सौम्य प्रवाह दिला होता, तेव्हा तिला आपण छताजवळ तरंगत असून पलंगावरचं आपलंच शरीर वरून पाहतोय असं वाटलं होतं. तिला त्यासाठी विद्युतप्रवाह लागला. हा साधक त्याच यंत्रणेला नुसत्या लक्ष देण्याने हात घालत होता.