नळीची लांबी आणि रिव्हॉल्व्हरचा नेम : एका मोजमापाची पार्श्वभूमी

रिव्हॉल्व्हरची नळी जितकी लांब तितका नेम अचूक, ही समजूत जवळजवळ या शस्त्राइतकीच जुनी आहे आणि ती पूर्णपणे खोटी नसल्यामुळेच आजवर टिकून राहिली आहे. मात्र तिच्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. शस्त्र टेकूवर घट्ट बसवून एकाच बिंदूवर गोळ्या झाडल्या तर त्या किती दाटीने पडतात, ही झाली यांत्रिक अचूकता. तेच शस्त्र हातात धरून, श्वास सांभाळत, चाप ओढणाऱ्या माणसाला जे साधते ती व्यावहारिक अचूकता. पहिलीचा नळीच्या लांबीशी संबंध फार थोडा आहे. सिलिंडरमधला, म्हणजे काडतुसे धरणाऱ्या फिरत्या गोल भागातला, प्रत्येक चेंबर (काडतूस बसण्याची पोकळी) नळीच्या रेषेत नेमका येतो का, नळीच्या मागच्या तोंडाचा गोळीला आत घेणारा उतार साफ आहे का आणि पुढच्या टोकाची कड सर्व बाजूंनी सारखी आहे का, यांवर ती ठरते. म्हणूनच दोन इंची नळीचे चांगले रिव्हॉल्व्हर टेकूवरून झाडले की अनेकांना आश्चर्य वाटावे इतके दाट गट देते.

सुरुवातीच्या लांब नळ्यांचे कारण नेमापेक्षा बंदुकीच्या दारूत शोधावे लागते. काळी दारू तिच्या वजनाच्या मानाने थोडी शक्ती देते आणि त्या काळात गोळीला पुरेसा वेग मिळवून देण्यासाठी दारूही भरपूर लागे आणि नळीही लांब लागे. अमेरिकेत १८३६ साली फिरत्या सिलिंडरचे गाजलेले पेटंट नोंदवले गेले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८४७ मध्ये, घोडदळासाठी आलेल्या रिव्हॉल्व्हरची नळी ९ इंचांची होती आणि वजन दोन किलोच्या आसपास होते. ते कमरेला लावण्यापेक्षा खोगिराला अडकवलेल्या म्यानातून न्यायचे शस्त्र होते. १८७३ च्या प्रसिद्ध लष्करी नमुन्याची नळी साडेसात इंचांची होती. पुढे त्यांतल्याच अनेक नळ्या कापून साडेपाच इंचांच्या करण्यात आल्या. तोपर्यंत लांबी ठरवणारा प्रश्न ‘किती अचूक’ हा नसून ‘कोण वागवणार आणि कशावर बसून’ हा होता. १८८० नंतर धूरविरहित दारू आली आणि आखूड नळीतूनही कामापुरता वेग मिळू लागला.

याच काळाशी जोडली जाणारी बारा इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरांची कथा इथे ओझरती सांगायला हवी. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या काही नामांकित कायदारक्षक अधिकाऱ्यांना अशी रिव्हॉल्व्हरे भेट मिळाल्याचे १९३१ च्या एका चरित्रात लिहिले गेले आणि तिथून ती सर्वत्र पसरली. त्या भेटीचा भक्कम पुरावा मात्र मिळालेला नाही. लांब नळी म्हणजे अचूक नेम हे समीकरण लोकांच्या मनात पक्के करण्यात या कथेचा वाटा मोठा आहे.

नळीच्या लांबीमुळे जो फरक खरोखर पडतो तो बहुतांशी पुढची माशी (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेला उंचवटा) आणि मागची खाच (जिच्यातून ती माशी पाहायची) यांच्यातल्या अंतरामुळे पडतो. हे अंतर दोन इंची रिव्हॉल्व्हरवर साधारण १०० मिलिमीटर असते आणि सहा इंचीवर साधारण २०० मिलिमीटर. माशी खाचेच्या मधोमध असायला हवी ती अर्ध्या मिलिमीटरने एका बाजूला सरकली, असे समजू. २५ मीटरवर ही चूक आखूड शस्त्रात १२५ मिलिमीटर होते आणि लांब शस्त्रात साधारण ६२. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या २५ मीटरच्या अचूक नेमाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ५० मिलिमीटर व्यासाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची किंमत कळते. सात मीटरवर मात्र त्याच चुका ३५ आणि साडेसतरा मिलिमीटर इतक्याच उरतात. म्हणून जवळच्या अंतरावर आखूड नळी फारशी नडत नाही. इथे नळी स्वतः काहीच करत नाही. ती फक्त माशीला पुढे नेऊन बसवते आणि त्यामुळे डोळ्याला आपली चूक लवकर दिसते. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागलेल्या नेमबाजाला माशी आणखी थोडी दूर गेल्याचा वेगळा फायदाही होतो.

दुसरा भाग वजनाचा. लांब नळीचे वजन पुढे सरकते, त्यामुळे मनगटाचे बारीक थरथरणे लक्ष्यापर्यंत कमी पोहोचते आणि गोळी सुटताना तोंड कमी उसळते. नळीखाली तिच्या टोकापर्यंत जाणारा जाड पोलादी पट्टा असलेले रिव्हॉल्व्हर १९५५ साली अमेरिकेत बाजारात आले, ते याच विचारातून. उलट टोकाला, १९२७ साली आलेल्या दोन इंची, सहा गोळ्यांच्या, खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे वजन जेमतेम ६०० ग्रॅम होते. या जातीच्या शस्त्राचा घोडा (काडतुसावर आघात करणारी हातोडी) आधी न चढवता सरळ चाप ओढला तर पाच किलोच्या घरात जोर लावावा लागतो, म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या आठ-नऊ पट. बोट मागे येत असताना माशी खाचेत बारीक हिसके घेताना दिसते आणि अखेरच्या क्षणी किंचित खाली किंवा बाजूला पडते. आखूड नळीच्या नावावर खपवले जाणारे बहुतेक चुकलेले नेम इथे चुकलेले असतात.

मग लांबी मोजायची कशी? पिस्तुलात चेंबर हा नळीचाच भाग असतो, म्हणून त्याची लांबी चेंबर धरून मोजतात. रिव्हॉल्व्हरमध्ये चेंबर सिलिंडरमध्ये असतात आणि सिलिंडर व नळी यांच्यात मिलिमीटरचा दशांश-दोन दशांश इतकी फट असते. म्हणून तिथे मोजणी त्या फटीपुढून, नळीच्या मागच्या कडेपासून सुरू होते आणि जवळजवळ दीड इंचाचा सिलिंडर हिशेबाबाहेर राहतो. अर्थात ‘चार इंची रिव्हॉल्व्हर’ आणि ‘चार इंची पिस्तूल’ या एकाच मापाच्या वस्तू नाहीत. नऊ मिलिमीटर काडतुसाचे कवच १९ मिलिमीटर लांब असते. ते वजा केले तर चार इंची, म्हणजे १०१.६ मिलिमीटरच्या पिस्तुलात गोळीला पुढे धावायला साधारण ८२ मिलिमीटर नळी उरते. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र पूर्ण १०१.६ मिलिमीटर मिळते, त्यातून फटीवाटे थोडा वायू निसटतो इतकेच.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. कॅनडात तो किरकोळ राहिला नाही. १९९५ च्या कायद्याने १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीची हातबंदुक शस्त्रे प्रतिबंधित वर्गात टाकली आणि .२५ व .३२ कॅलिबरची शस्त्रेही त्याच वर्गात गेली. नळीची लांबी म्हणजे काय याची व्याख्या तिथल्या दंडसंहितेत दिलेली आहे आणि ती वर सांगितलेल्या पद्धतीप्रमाणेच आहे : रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरच्या लगेच पुढून, इतर शस्त्रांत चेंबर धरून. ज्यांच्याकडे अशी शस्त्रे आधीपासून नोंदलेली होती त्यांना अटींसह ती ठेवता आली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत लागणाऱ्या काही ठरावीक पिस्तुलांना वेगळ्या नियमांनी सूट मिळाली.

आखूड नळीचे शस्त्र लपवायला सोपे असते आणि लक्ष्यभेदाच्या खेळात त्याचा उपयोग कमी, ही या निर्णयामागची भूमिका होती. पहिल्या अर्ध्या भागाबद्दल वाद घालता येणार नाही. दुसरा अर्धा भाग मात्र दोन इंची शस्त्रापुरता ठीक आहे, चार इंचीपर्यंत ताणला की तुटतो. १०५ ही रेषा नेमकी अशा जागी पडली की उत्तर अमेरिकेत पोलिसांनी अनेक दशके वापरलेली चार इंची रिव्हॉल्व्हरे तीन-साडेतीन मिलिमीटरने अडकली. उत्पादकांनी त्यावर उपाय काढला तो असा की कॅनडासाठी ४.२ इंची, म्हणजे १०६.७ मिलिमीटरची नळी बसवून तीच रिव्हॉल्व्हरे पाठवायला सुरुवात केली. या वाढीव पाच मिलिमीटरने नेमात किती फरक पडतो याचा हिशेब सोपा आहे. माशी आणि खाच यांच्यातले अंतर १५० वरून १५५ मिलिमीटर झाले, तर आधीचीच अर्ध्या मिलिमीटरची चूक २५ मीटरवर ८३ ऐवजी ८१ मिलिमीटर होते. शस्त्र लपवण्याच्या सोयीतही याहून मोठा फरक पडत नाही. रेषा कुठेतरी ओढावीच लागते हे मान्य केले, तरी ही रेषा ओढताना रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांचे माप दोन ठिकाणांहून सुरू होते याचा विचार पुरेसा झाला होता असे म्हणवत नाही. मोठ्या आकाराचे, सतरा-अठरा गोळ्या घेणारे, ११४ मिलिमीटर नळीचे पिस्तूल त्या रेषेच्या सुरक्षित बाजूला राहिले आणि सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर पलीकडे गेले. ऑक्टोबर २०२२ पासून तिथे हातबंदुकांची खरेदी-विक्री जवळजवळ गोठवली गेली, त्यामुळे नव्या ग्राहकापुरता हा वाद मागे पडला आहे. व्याख्या मात्र कायम आहे.

ग्रेट ब्रिटनमध्ये १९९७ च्या दुरुस्तीने याहून कडक माप लावले : नळी ३० सेंटिमीटरपेक्षा आखूड किंवा एकूण लांबी ६० सेंटिमीटरपेक्षा कमी असलेले शस्त्र सामान्य परवान्यावर ठेवता येणार नाही. रिव्हॉल्व्हर सोडायला तयार नसलेल्यांनी बारा इंची नळ्या बसवल्या आणि एकूण लांबी भरावी म्हणून मुठीतून मागे जाणारी, हाताला समांतर राहणारी पोलादी दांडी पक्की जोडली. दंतकथेतली बारा इंची नळी अशी कायद्याच्या आडवाटेने प्रत्यक्षात आली. या शस्त्रांत माशी खाचेपासून एक फुटाहून दूर असते, म्हणून कागदी हिशेबाने त्यांचा नेम सर्वांत सरस ठरायला हवा. प्रत्यक्षात पुढचा भार इतका वाढतो की हात लवकर थकतो आणि थकलेला हात ती सगळी कमाई परत घेतो.

स्पर्धांच्या नियमांनी ही गोष्ट बरीच आधी ओळखली होती, असे म्हणायला जागा आहे. अमेरिकेतल्या जुन्या स्पर्धांत मर्यादा घातली होती ती नळीवर नव्हे, तर माशी आणि खाच यांच्यातल्या अंतरावर, आणि ती दहा इंचांची होती. १९३५ साली आलेल्या .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची सर्वांत लांब नळी पावणेनऊ इंचांची होती, ती पुढे ८ ३/८ इंचांवर आली ती याच मर्यादेत बसण्यासाठी. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २५ मीटरच्या प्रकारांसाठी दोन्ही मापे आहेत : नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, माशी-खाचेतले अंतर जास्तीत जास्त २२०. रिव्हॉल्व्हरची नळी तिथेही सिलिंडर वगळूनच मोजतात.

१९८० च्या दशकापासून स्पर्धांच्या खुल्या गटांत माशी-खाचेच्या जागी काचेवर लाल ठिपका दाखवणारे नेमाचे साधन वापरात आले आणि माशी-खाचेतल्या अंतराचा प्रश्नच बाजूला पडला, कारण ठिपका जिथे दिसतो तिथे, डोळा थोडा सरकला तरी, गोळी जवळजवळ तिथेच जाते. अलीकडे दोन-तीन इंची खिशातल्या रिव्हॉल्व्हरवरही असा ठिपका बसवण्याची सोय कारखान्यातूनच येऊ लागली आहे. त्यावर नेम धरला की २५ मीटरवरही लांब नळीशी असलेला फरक झपाट्याने आक्रसतो, आणि जो उरतो तो हलक्या शस्त्राचा आणि जड चापाचा असतो : बोट मागे येत असताना तो लाल ठिपका लक्ष्यावर कसा नाचतो हे आता नेमबाजाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.