विलाप कुठला आणि कुरकुर कुठली

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. रेवदंड्याजवळ माझ्या मावशीची वाडी आहे. त्या दुपारी दोन-तीन तासांत तिची पोफळं एकावर एक आडवी झाली, माड शेंड्यात पिळवटून मोडले आणि पडवीवरचे पत्रे कुठे उडून गेले ते आजतागायत कळलेलं नाही. रस्त्यावरची झाडं बाजूला झाल्यावर पाचव्या दिवशी मी पोचलो, तेव्हा ती मागच्या दारी पायरीवर बसली होती. समोर जायफळाचं झाड मुळासकट उपटून पडलेलं, मुळांना अजून ओली माती चिकटलेली. त्या झाडाकडे बघत ती म्हणत होती, "बापा, चाळीस वर्षं पाणी घातलं रे मी. तू बघत होतास ना?" ती माझ्याशी बोलत नव्हती.

सांत्वनाला आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ते ऐकलं. म्हणाले, "मावशी, कुरकुर करू नका. इस्राएल लोकांनी कुरकुर केली आणि रानातच मेले." मावशी गप्प झाली. पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

त्यांनी दिलेला दाखला पवित्र शास्त्रातलाच, म्हणजे बायबलमधलाच होता, पण तो भलत्याच माणसाला लावला होता. आपल्याकडे हे फार होतं. विलाप आणि कुरकुर वरवर सारखीच दिसतात: दोन्हींत रडणं असतं, दोन्हींत 'का' असतं, दोन्हींत देवाकडे बोट असतं. शास्त्रात मात्र एकाला देवासमोर जागा आहे आणि दुसरीला खडसावलं आहे. कोकणात दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या दारात पाणी, दरड नाहीतर वादळ येतं. अशा घरी जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला हा फरक माहीत असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो शास्त्रातल्या 'गणना' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच मुक्कामावर घडतात. मिसराच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटून रानातून चाललेले इस्राएल लोक मान्ना, म्हणजे देवानं रोज दिलेलं अन्न, खाऊन कंटाळले आहेत. त्यांना मिसरातली मासळी आठवते, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतो. मासळी तर फुकट मिळायची म्हणे! मिसरात आपण गुलाम होतो, विटा पाडत होतो, आपली तान्ही मुलं नदीत फेकली जात होती, हे त्या आठवणीतून साफ गळून पडलेलं आहे. आणि हे रडणं चाललंय कुठे? जो तो आपापल्या डेऱ्याच्या दाराशी. त्यांचं बोलणं परमेश्वराच्या कानी जातं, पण परमेश्वराशी कुणी बोलत नाही. त्यांच्या सगळ्या रडण्यात 'हे परमेश्वरा' एवढी हाकसुद्धा नाही.

हे ऐकून त्यांचा पुढारी मोशे वैतागतो आणि तोही देवाशी बोलतो. त्याचे शब्द लोकांपेक्षा कितीतरी कडक आहेत. तू आपल्या दासाशी इतकं वाईट का वागलास, हे सगळे लोक काय मी प्रसवलो, दाईनं तान्ह्याला घ्यावं तसं यांना उराशी धरून ने म्हणतोस, माझ्या एकट्याच्यानं हे ओझं उचलत नाही, यापेक्षा मला मारून टाक. असं देवाला तोंडावर सांगणारा माणूस आपल्या भक्तिसभेत उभा राहिला, तर कुणीतरी त्याला नक्की खाली बसवेल. देव काय करतो? सत्तर वडीलधारी माणसं गोळा कर म्हणतो, म्हणजे ओझं वाटलं जाईल. लोकांच्या वाट्याला लावे पक्षी येतात आणि मागोमाग मरी येते. मोशेला मदतीला माणसं मिळतात.

म्हणजे आवाज किती चढला, शब्द किती कडू होते, यावरून निवाडा करता येत नाही. तोंड कुठे वळलं होतं ते बघायचं. कुरकुर देवाबद्दल बोलते, त्याच्याकडे पाठ करून. विलाप देवाशी बोलतो, प्रसंगी भांडतो, पण समोर उभा राहून. मावशीचं 'बापा, तू बघत होतास ना' हे कुठल्या बाजूला बसतं, ते मी वेगळं सांगायला नको.

दुसरी खूण आठवणीची. कुरकुर हिशेबात खोट करते, कारण तिला मिसराकडे परत जायचं असतं. गणनाच्या चौदाव्या अध्यायात लोक खरोखरच म्हणतात की दुसरा पुढारी निवडू आणि माघारी जाऊ. विलाप मात्र नुकसान जसंच्या तसं मोजतो, आणि बारकाईनं मोजतो. योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात टोळधाड येऊन देश उजाड होतो, तेव्हा तो नुसतं 'सगळं गेलं' म्हणत नाही. द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब, खजूर, सफरचंद, एकेक झाडाचं नाव घेतो. शेतकऱ्यांना आक्रोश करा म्हणतो आणि याजकांना वेदीपुढे रडायला उभं करतो. आमच्या वाडीतही तेच चाललं होतं. मावशी बोटांवर मोजत होती: पोफळी किती, माड किती, जायफळ एक, विहिरीवरचा रायवळ एक. नवी पोफळ लावली तर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं, तोवर मी असेन का, हेही त्यातच. ज्याला असं मोजू दिलं जात नाही, त्याचं दुःख आत कुजतं.

(तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी खेटे घालणं, भरपाई कमी आली म्हणून अर्ज करणं, यालाही काही मंडळी 'कुरकुर' म्हणतात. तो न्यायाचा प्रश्न आहे. त्याचा इथे काही संबंध नाही.)

शास्त्रातल्या ईयोब या नीतिमान माणसाची मुलं कशानं गेली, ते आपण कोकणातल्या माणसांनी तरी विसरू नये. रानाकडून मोठा वारा सुटला, घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळला आणि घर त्यांच्यावर कोसळलं. त्याचे मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. तिथवर ते चांगले मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तूच काहीतरी पाप केलं असशील, हे नाना परींनी सांगितलं. ईयोबानं मात्र देवाला कोर्टात ओढल्यासारखं बोलून घेतलं. शेवटी देव मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला! यरुशलेमातला सिलोआमचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, हे प्रभू येशूनंही स्पष्ट सांगितलं. तरी दरड कोसळली की आपण मेलेल्यांची पापं शोधत बसतोच.

अवघड जागा एकच आहे, आणि ती नेमकी आपल्या दर्यावर्दी लोकांच्या ओळखीची आहे. गालील सरोवरात वादळ उठलं, होडीत पाणी भरू लागलं आणि येशू मागच्या टोकाला उशीवर डोकं ठेवून झोपलेला. शिष्य त्याला उठवून विचारतात, गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का? हा विलाप की कुरकुर? येशू पुढे त्यांना विश्वासावरून बोलतो, म्हणून पुष्कळ जण ही कुरकुर ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. ते होडीच्या दुसऱ्या टोकाला कुजबुजत बसले नाहीत. पाण्यातून वाट काढत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याला हलवून उठवलं. शिवाय मार्काच्या शुभवर्तमानातला क्रम बघा. येशूनं आधी वारा शांत केला, बोलला तो नंतर. बुडणाऱ्याला बुडत असताना त्यानं प्रवचन दिलं नाही.

उलटाही घोळ होतो. 'देवाची मर्जी, आपण काय बोलणार' हे वाक्य तोंडी मऊ असतं. काही घरांत ते खऱ्या शरणागतीतून येतं, तिथे मी हात जोडतो. पण काही घरांत त्याच्यामागे कायमचं बंद झालेलं दार असतं. प्रार्थना थांबलेली, जपमाळ खुंटीला, देवाचं नाव निघालं की फक्त ओठ आवळले जातात. तीही कुरकुरच आहे, फक्त मुकी.

आणखी एक गैरसमज असा की विलाप शेवटी गोड झालाच पाहिजे. शास्त्रातल्या स्तोत्रसंहितेतल्या बहुतेक विलाप-स्तोत्रांच्या शेवटी भरवशाचा सूर येतो, हे खरं आहे. तेराव्या स्तोत्रात 'कोठवर' हा प्रश्न मूळ हिब्रूत चारदा येतो, आणि तरी ते गाण्यानं संपतं. पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तसं संपत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. त्याच्यापुढे कुणीही समाधानाची ओळ जोडली नाही. आहे तसं ते देवळात गायला ठेवलं. आणि वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी आलं तेही बावीसाव्या स्तोत्राचं पहिलंच वाक्य: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?

त्या जूनमध्ये टाळेबंदीमुळे चर्च बंद होतं आणि मावशीकडे वीजही आलेली नव्हती. मी गेलो त्या रात्री तिनं मेणबत्ती लावली, जपमाळ हातात घेतली, पण मणी काही पुढे सरकेनात. पोफळींचा आकडा परत सांगितला, जायफळाचं सांगितलं, दुपारी त्या गृहस्थांनी काय म्हटलं तेही सांगितलं. मग मेणबत्ती फुंकून निजली. आमेन म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच मेणबत्ती पेटवून तिनं सुरुवात केली, "तर बापा, काल कुठवर आले होते मी?"