बल्ब 9 वॅटचा, मग वायर दीडची कशाला?

घराचं वायरिंग निघालं की हा प्रश्न येतोच. आता सगळे एलईडी, 9 वॅटचा बल्ब 230 व्होल्टवर जेमतेम 0.04 अँपिअर घेतो, दहा लावले तरी अर्धा अँपिअर होत नाही, मग लाईटला दीड स्क्वेअर एमएम कशाला, पाऊणची ओढा की! आकडे बरोबर आहेत, पण वायर बल्ब बघून घ्यायचीच नसते, डीबीत (घराच्या मेन स्विचच्या पेटीत) मागे कितीचा एमसीबी बसलाय, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, लाईन बंद करणारा स्विच कितीचा आहे, ते बघून घ्यायची असते.

कारण त्याच लाईनवरून बोर्डातला 6 अँपिअरचा सॉकेट लूप केलेला, म्हणजे तिथूनच वायर काढून जोडलेला असतो. आज तिथे मोबाईल चार्जर आहे, उद्या कोणीतरी 1000 वॅटची इस्त्री लावणार, म्हणजे जवळजवळ साडेचार अँपिअर तिथेच गेले. आणि वायरची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट.

समजा एकची वायर आहे आणि मागे 16 चा एमसीबी. 16 अँपिअरला तो पडतच नाही, 23 ला पडायलासुद्धा तासभर घेऊ शकतो. एकच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला 0.018 ओहम, म्हणजे 23 अँपिअरला दर मीटरमागे साडेनऊ वॅट उष्णता, फेज आणि न्यूट्रल एकाच पाईपमध्ये म्हणून दुप्पट, तीही प्लास्टरच्या आत कोंडलेली. साध्या पीव्हीसीची मर्यादा 70 अंश. इन्सुलेशन आतल्या आत कडक होऊन तडकतं आणि बाहेर कोणाला काही दिसत नाही.

म्हणून लाईटला दीडची वायर आणि 6 किंवा 10 चा एमसीबी, 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गिझर-एसीला चार. एमसीबी सारखा पडतो म्हणून वायर तीच ठेवून मोठा एमसीबी बसवतात ना, ते प्लीज करू नका, तो वायर वाचवायलाच पडत असतो.

पाऊणची वायर फॉल्स सीलिंगमधल्या 12 व्होल्टच्या एलईडी पट्टीलाही लांबून पुरत नाही. 60 वॅटची पट्टी 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेते, ड्रायव्हर (230 चे 12 व्होल्ट करून देणारा डबा) दहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर वायर, त्यात दोन-अडीच व्होल्ट वाटेतच जातात आणि पट्टी मंद दिसते, मग लोक पट्टी बदलत बसतात. ड्रायव्हर पट्टीजवळ ठेवा, तिथपर्यंत 230 व्होल्टच न्या.